निवळीतला केरबा

केरबा शेलार मंगळवारी सकाळी घराबाहेर पडला आणि परतला नाही. बुधवारी दुपारपर्यंत त्याला तीन लाख माणसांनी पाहिलं होतं. त्यांतल्या एकानेही त्याला पूर्वी कधी पाहिलेलं नव्हतं, पण तेवढ्यावरून कुणाचं काही अडलं नाही.

त्याला रोज पाहणारी होती ती त्याची मुलगी, कुमुद. ती एस.टी.त कंडक्टर होती. २०४३ सालीही घाटातल्या गाड्यांवर कंडक्टर ठेवावाच लागे, कारण डोंगरात रेंज गेली की तिकिटाची यंत्रं मुकी व्हायची. बावीस वर्षांच्या नोकरीत कुमुदने एक गोष्ट कमावली होती. एकदा पाहिलेला चेहरा ती विसरत नसे. फुकट प्रवास करून पळालेला माणूस तीन वर्षांनी दुसऱ्याच गाडीत भेटला तरी ती त्याला हटकायची, "तीन वर्षांपूर्वीच्या जत्रेला मागच्या मागं उतरलात ते तुम्हीच ना?" डेपोत यावरून तिची चेष्टा चाले आणि तिला त्या चेष्टेचा अभिमान होता. हाच अभिमान तिला पुढे महागात पडला.

मंगळवारी ती पहाटेच्या ड्यूटीवरून दुपारी तीन वाजता घरी आली, तेव्हा भाकरी झाकलेली तशीच होती. आबांचा, म्हणजे केरबाचा, फोन भिंतीतल्या देवळीत होता. नवी धावरी म्हणजे काही फार मोठं गाव नव्हे. काळंगी धरणात जुनी धावरी बुडाली तेव्हा सरकारने काठावर वसवून दिलेली ही साठ घरं. कुमुद सगळ्या घरांत फिरून आली. संध्याकाळी आबांच्या चपला सापडल्या. धरणाच्या काठावर, पाण्यापासून दहा पावलांवर, एकीशेजारी एक नीट ठेवलेल्या.

चपला पाहून बायका पदर तोंडाला लावून उभ्या राहिल्या. कुमुद मात्र रडली नाही. आबांना पोहता येत होतं, आणि सत्त्याहत्तराव्या वर्षीही त्यांचं डोकं तिच्यापेक्षा ठिकाणावर होतं.

बुधवारी सकाळी उपनिरीक्षक बर्गे आले. माणूस सरळ होता. त्यांनी नकाशा पसरला आणि म्हणाले, "ताई, इकडं पाणी आणि पाठीमागं डोंगर. दोन्ही बघू. अंगाची ऊब टिपणारं ड्रोन जिल्ह्यात एकच आहे, ते दोन वाजता येतंय. आधी डोंगर धुंडाळू, कारण पाण्यात असतील तर..." पुढचं वाक्य त्यांनी गिळलं. ते वाक्य बरोबर होतं. डोंगरातला माणूस जिवंत असू शकतो, म्हणून डोंगर आधी. सगळं प्रकरण इथेच थांबलं असतं तर ही गोष्ट सांगायची वेळच आली नसती.

पण धरणात मासे होते.

हे मासे पाटबंधारे खात्याचे. हातभर लांबीची, शेपटी हलवत पोहणारी यंत्रं. धरणात दरवर्षी किती गाळ साचतो हे मोजायला शंभर मासे तळाशी फिरत आणि फोटो काढत. आता गढूळ पाण्यात फोटो कसा निघणार? दिवा लावला तर त्याचा उजेड गाळाच्या कणाकणावर आपटून परत येतो आणि नुसतं पिवळं धुकं दिसतं. म्हणून हे मासे क्षणाच्या अब्जांश भागाएवढी उजेडाची चिमूट सोडत आणि सरळ जाऊन सरळ परत आलेले तेवढेच किरण टिपत. वाटेत भटकून उशिरा आलेले किरण सोडून देत. असे सरळ किरण फार थोडे. शंभर ठिपक्यांच्या चित्रातले चार ठिपके खरे मिळत, शहाण्णव रिकामे राहत.

ते शहाण्णव ठिपके भरायचं काम 'निवळी' करी. पूर्वी गढूळ पाण्याच्या घागरीत निवळीचं बी उगाळून टाकत, की पाणी स्वच्छ होई. त्यावरून या प्रणालीला हे नाव दिलेलं. चार खऱ्या ठिपक्यांवरून बाकीचं काय असेल याचा अंदाज निवळी बांधायची, आणि हा अंदाज ती लोकांकडून शिकायची. खात्याने सगळे फोटो लोकांसाठी खुले ठेवले होते. घरबसल्या कुणीही फोटो उघडावा आणि खूण करावी, इथे भिंत, इथे झाडाचं खोड. हजार लोकांनी 'भिंत' म्हटलं की पुढच्या वेळी निवळी तिथे भिंत जास्त ठळक काढे. गाळ मोजायला हे झकास होतं. बुडालेल्या भिंतींना कुणी वाईट वाटून घेत नाही.

चपलांची बातमी फुटली तशी कुणीतरी काठाजवळचे ताजे फोटो उघडले. जुन्या धावरीच्या भैरोबाच्या देवळाच्या पायऱ्या ऐंशी फूट खाली होत्या. तिसऱ्या पायरीवर एक काळसर गोळा होता. त्याच्यावर पहिली खूण केली ती नगरच्या एका निवृत्त चष्मेवाल्याने, विश्राम दातीर यांनी. त्यांनी लिहिलं, 'मानवी आकृती?' पुढच्या माणसाने प्रश्नचिन्ह काढून टाकलं.

दहा वाजेपर्यंत चाळीस हजार खुणा पडल्या. गोळ्याला खांदे आले. अकरापर्यंत खांद्यांवर डोकं आलं. बारा वाजता त्या डोक्याला फेटा होता आणि लोक एकमेकांचं अभिनंदन करत होते. कुणी लिहिलं, 'बुडालेला माणूस असा बसत नाही, याला बसवलाय.' कुणी लिहिलं, 'मुलीची बातम्यांतली मुलाखत बघा, डोळ्यांत टिपूस नाही.' ज्यांना स्वतःच्या सोसायटीतला शेजारी ओळखू येत नाही, ते पाण्याखालच्या माणसाच्या बसण्याची ढब ओळखू लागले.

एक वाजता बर्गे फोन घेऊन कुमुदकडे आले. "ताई, बळजबरी नाही. पण वरून विचारतायत. हे तुमचे वडील आहेत का?"

कुमुदने चित्र पाहिलं. चेहऱ्याच्या जागी अजून धूसरच होतं. पण फेटा तिने ओळखला. अबोली रंगाचा, कडेला जांभळी रेघ, आणि शेमला डाव्या खांद्यावरून पुढे सोडलेला. हा फेटा तिने दर रविवारी हाताने धुतला होता. आबा दरवर्षी अगदी तसाच नवा घेत आणि जुना कुठे गेला विचारलं की "फाटला, टाकला" म्हणत.

"फेटा आबांचाच आहे," ती म्हणाली.

"आणि माणूस?"

चित्राखाली चौकट आली. 'आपण या व्यक्तीचे नातेवाईक आहात का? ओळख पटल्यास आपला छायाचित्र-संग्रह जोडा.' जवळच्या नातेवाइकाची एक खूण दहा हजार परक्या खुणांच्या बरोबरीची धरायची, असा नियम होता. नियम करणाऱ्यांचं चुकलं असं म्हणवत नाही. बापाला लेक ओळखणार नाही तर कोण? कुमुदने तेच चित्र आपल्या फोनवर उघडलं, फोनमधले आबांचे सगळे फोटो जोडले आणि 'होय' वर बोट ठेवलं.

काही मिनिटांत धूसर जागेत चेहरा उमटला. आबांचं नाक. आबांच्या मिश्या. भुवईवरची चामखीळसुद्धा. आता मात्र कुमुदने हंबरडा फोडला.

बर्ग्यांनी टोपी काढली. दोन वाजता येणारं ड्रोन त्यांनी वाटेतूनच वळवलं. शेजारच्या तालुक्यात वणवा पेटला होता, तिथे त्याची गरज होती. पाणबुड्यांची तुकडी शनिवारी मिळणार होती. गेलेल्या माणसाला घाई नसते, असा हिशेब सगळ्यांनीच मनाशी केला आणि कुमुदनेही तो मान्य केला.

गुरुवारी काठावर जत्रा भरली. गाड्या भरभरून लोक आले. पाण्याकडे तोंड करून उभे राहिले, फोनमधलं चित्र आणि समोरचं पाणी यांची सांगड घालू लागले. कुणी फुलं सोडली. दुपारी हजारभर माणसांनी मिळून दोन मिनिटं स्तब्धता पाळली. आवाज होऊ नये म्हणून गाड्यांची इंजिनंसुद्धा बंद केली होती.

त्याच दुपारी हैबतीतात्या कदम कुमुदच्या ओट्यावर येऊन बसले. आबांच्या बरोबरीचे हे एकच गडी उरले होते. दोघांनी जुनी धावरी पाण्यात जाताना पाहिलेली. तात्यांनी चहा बशीत ओतला आणि तो निवला तरी तसाच धरून बसले.

"पोरी, त्या फोटूत केरबाच हाय म्हंतीस?"

"तात्या, मीच ओळखलं ना."

"फेटा त्याचाच हाय. त्यात काय वाद न्हाई." तात्यांनी बशी खाली ठेवली. "पर डोंगराकडं बी कुनी बगितलं असतं, तर बरं झालं असतं."

"बाप गेलाय माझा. आता डोंगर कशाला काढताय?" कुमुद तुटकपणे म्हणाली. दोन दिवस लोक तिला हजार गोष्टी सुचवत होते. तिला वाटलं, त्यांतलाच हा एक.

तात्यांनी बशी बाजूला सारली. मग काठी टेकत उठले आणि गेले. त्या वेळी तिने त्यांच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं असतं, तर तिला कळलं असतं की म्हाताऱ्याच्या जिभेवर काहीतरी आहे आणि ते त्याला गिळवतही नाही. चेहरे वाचणाऱ्या कुमुदने नेमका तो चेहरा वाचला नाही.

शुक्रवारी सकाळी दातीरांचा फोन आला. आवाज थकलेला होता.

"कुमुदताई, मी नगरहून बोलतोय. पहिली खूण माझी होती. मला एवढंच विचारायचंय. तुमच्या वडिलांची चामखीळ कोणत्या भुवईवर आहे?"

"डाव्या."

"आठवून सांगा."

"डाव्याच. लहानपणी मी तिला बोट लावून झोपायची."

"चित्रात ती उजवीवर आहे," दातीर म्हणाले. "मी पन्नास वर्षं लोकांना आरशासमोर बसवून चष्मे लावलेत. डावं-उजवं माझ्या नजरेतून सुटत नाही. तुम्ही जोडलेल्या फोटोंत सेल्फी होता का?"

होता. संक्रांतीला तिने आबांच्या गळ्यात हात घालून काढलेला. तिचा फोन सेल्फी आरशासारखा उलटा साठवायचा, डावीकडचं उजवीकडे. सगळ्या संग्रहात आबांचा जवळून घेतलेला चेहरा तेवढाच होता.

"मग ती चामखीळ पाण्यातून आलेली नाही, ताई. तुमच्या फोनमधून आली. नाकही, मिश्याही. तुम्ही होय म्हणालात आणि निवळीने तुमचाच फोटो तुम्हाला परत दिला. पायरीवर काय आहे ते देव जाणे. माणूस आहे असं पाण्याने कधीच सांगितलेलं नाही. ते आपण सांगितलं."

कुमुदने फोन ठेवला. ती तशीच तात्यांच्या घरी गेली.

तात्या अंगणात बसले होते. तिला येताना पाहूनच त्यांनी ओळखलं.

"तात्या, पायरीवर काय आहे?"

"सांगू नये ते."

"आबांची शपथ आहे."

म्हाताऱ्याने डोळे मिटले. "देव हाय त्यो. गाव बुडालं तवा मूर्ती वर आनली, पर भैरोबाची जागा खालीच ऱ्हायली. म्हनून दर अक्षय तृतीयेला मी न् केरबा नावंतनं जातो. बसल्या मानसागत दिसंल आसा उभा धोंडा, त्याला घोंगडी गुंडाळायची, आन् सोडनाऱ्यानं आपला वापरलेला फेटा त्याला बांधायचा. मग दोरानं पायरीवर सोडायचा; मागल्या सालचा तवर गाळात गेल्याला आसतो. बायकास्नी कळू द्यायचं न्हाई. सोडल्यावर सव्वा महिना तोंडातनं काढायचं न्हाई, न्हाईतर देव गाव सोडतो म्हनत्यात. औंदा सोडून बारा दिस झालं व्हतं."

"आणि चपला?"

"डोंगराच्या सड्यावर त्यो कवा बी अनवानीच चढायचा. चपला काठाला, न् वर. पाऊलवाट तिथनंच जाती." तात्यांचा आवाज बारीक झाला. "करवंदं आनाया गेला आसल. पयली करवंदं तुला द्यायचा न्हवं त्यो दरसाल. मला वाटलं, पोलिसं डोंगर बगत्यालच. मला वाटलं, मी न बोलता बी हुईल."

कुमुदने त्यांना एक शब्दही सुनावला नाही. सुनावायला तिच्याजवळ काही उरलंच नव्हतं. तात्या एक गोष्ट बोलले नव्हते. ती मात्र बोलली होती.

ती काठावर पोचली. चपला सापडल्या तिथे पोलिसांनी फीत बांधली होती आणि फितीपलीकडे शुक्रवारचीही गर्दी होती, सगळी पाण्याकडे तोंड करून. कुमुद त्यांच्यात घुसली आणि पाण्याकडे पाठ करून उभी राहिली.

वर सड्याच्या, डोंगरमाथ्यावरच्या सपाटीच्या कडेला, कातळाच्या घळीत करवंदीची जाळी होती. जाळीच्या शेंड्याला अबोली रंगाचं काहीतरी हलत होतं.

दुर्बीण लागली नाही. निवळी लागली नाही. फक्त मान वळवायची होती.

बर्ग्यांची माणसं तिच्या मागोमाग चढली. केरबा घळीत निजल्यासारखा पडला होता. पाय गुडघ्याखाली मोडलेला आणि धोतराच्या पट्ट्यांनी नीट बांधलेला. डोक्यावरचा नवा फेटा सोडून त्याने काठीला बांधला होता आणि काठी जाळीत उंच खोचली होती. हात पोचेल तिथवरची करवंदं खाऊन संपली होती. मात्र उशाशी पळसाच्या पानांचा एक द्रोण होता, काठोकाठ भरलेला, दुसऱ्या पानाने झाकलेला. त्यातलं एकही त्याने खाल्लेलं नव्हतं.

"कधी?" कुमुदने सरकारी डॉक्टरांना विचारलं.

डॉक्टर वयाने लहान, नव्यानेच नोकरीला लागलेल्या होत्या. त्यांना खोटं बोलायचं सुचलं नाही. "काल संध्याकाळपर्यंत जिवंत असावेत," त्या म्हणाल्या.

काल दुपारी खाली इंजिनं बंद करून हजार माणसं दोन मिनिटं गप्प उभी होती. तेव्हा वरून कुणी हाक मारली असती तर ऐकू आली असती. आबांनी मारली असेलही. पण तेवढा आवाज अंगात उरला नसेल. कुमुदने याचा पुढे कितीतरी वेळा विचार केला, आणि दरवेळी उत्तर तिथेच येऊन थांबलं.

शनिवारी पाणबुडे ठरल्याप्रमाणे आले आणि घोंगडीत गुंडाळलेला धोंडा वर घेऊन आले. आता तरी प्रकरण मिटावं की नाही? पण ज्यांनी चार दिवस खपून एक माणूस घडवला होता, ते त्याला सहजी सोडणार थोडेच? त्यांनी लिहिलं, 'प्रेत रातोरात हलवलं.' लिहिलं, 'मुलगी नेमकं कुठे पाहायचं ते कसं जाणत होती?' त्यांतल्या बहुतेकांना महिनाभरात दुसऱ्या तळ्यात दुसरं कुणी सापडलं. दातीरांनी मात्र खुणा करणं कायमचं सोडलं. त्यांनी कुमुदला एक पत्र धाडलं, हाताने लिहिलेलं. ते तिने अर्धंच वाचलं.

तिने खात्याकडे अर्ज केला, की माझी खूण काढून टाका. उत्तर सभ्य होतं. खूण मागे घेता येईल, परंतु त्या खुणेवरून निवळी जे शिकली ते मागे घेण्याची सोय सध्या नाही. पावसाळ्यानंतर मासे पुन्हा तळाशी फिरले. पायरी आता रिकामी होती. नव्या फोटोत तिच्यावर केरबा बसला होता, उजव्या भुवईवर चामखीळ घेऊन, पहिल्यापेक्षाही स्पष्ट.

दिवाळी झाल्यावर कुमुद ड्यूटीवर रुजू झाली. घाट उतरताना एक वळण आहे. तिथे डाव्या हाताला सगळं धरण दिसतं आणि उजव्या हाताला धावरीचा सडा. हल्ली त्या वळणावर प्रवासी आपली जागा सोडून डावीकडच्या खिडक्यांपाशी गर्दी करत आणि गाडी हळू घ्यायला सांगत. ड्रायव्हर कुमुदचं तोंड पाहून कधी घेई, कधी न घेई. त्या दिवशी त्याने गाडी थांबवली.

एका बाईने फोन खिडकीला लावला. चांगल्या घरची, मायाळू चेहऱ्याची बाई होती. तिने कुमुदला हाताने जवळ बोलावलं.

"अहो बाई, तो पाण्यात बसलेला म्हातारा इथंच ना? नेमका कुठे?"

"तिकडं नाही," कुमुद म्हणाली. तिने उजवीकडच्या खिडकीकडे बोट केलं. "तिकडं वर. ती करवंदीची जाळी आहे ना, तिथं."

बाईने मान वळवली. क्षणभर डोंगराकडे पाहिलं.

"तिकडं तर काहीच नाहीये," ती म्हणाली आणि पुन्हा पाण्याकडे वळली.

कुमुदने घंटीची दोरी दोनदा ओढली. गाडी पुढे निघाली.